टाकीवरची खडूची रेघ

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला आलो की शनिवारची सकाळ ठरलेली असते. चहा, काल उरलेली कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि बाबांचा प्रश्न, "काय रे, सर्व्हर चालू आहे ना तुमचा?" सर्व्हर म्हणजे नक्की काय हे बाबांना कधी नीट कळलेलं नाही. पण तो बंद पडतो, आणि बंद पडला की पोराला रात्री दोन वाजता फोन येतो, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे. खरं सांगायचं तर आमच्या धंद्याची ही व्याख्या काही वाईट नाही.

आज मेमरी लीकबद्दल लिहायचं आहे. "शनिवारी सकाळी मेमरी लीक?" असं म्हणून पान बंद करू नका. विषय जावाचा असला तरी किस्सा आमच्या गच्चीवरच्या टाकीचा आहे.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी नेहमीपेक्षा लवकर संपायला लागलं. सोलापूरकरांना यातलं गांभीर्य सांगायला नको. ज्या गावानं वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं, तिथे टाकी एक दिवस आधी रिकामी होणं म्हणजे घरातली आणीबाणी. प्लंबरला बोलावलं. त्यानं टाकीकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, "टाकी फुटलीय साहेब. आतून सगळं प्लास्टर नवीन करावं लागतंय." आकडाही चांगला चार अंकी सांगितला. बाबा म्हणाले, "दोन-तीन दिवसांनी सांगतो."

त्या रात्री बाबांनी गच्चीवर जाऊन टाकीतून खाली येणारे दोन्ही कॉक बंद केले आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या बरोबर वर खडूनं रेघ मारली. सकाळी पाणी रेघेलाच. म्हणजे टाकी फुटलेली नाही. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघराचा कॉक उघडा ठेवला, नळ सगळे बंद. सकाळी पाणी रेघेलाच. तिसऱ्या रात्री बाथरूमचा कॉक उघडा. सकाळी पाणी चार बोटं खाली! मग शोधायला बाथरूम केवढं असतं? फ्लशच्या टाकीतला वॉशर गेला होता. पाणी आवाज न करता, भांड्याच्या कडेनं रात्रभर झिरपत होतं. वॉशर बदलला, संपलं.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. कॉम्प्युटरशी संबंध शून्य. पण गळती शोधायची याहून चांगली पद्धत मला आजवर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलेली नाही.

आता माझी गोष्ट. यात माझी लाज आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मी ज्या टीममध्ये होतो तिच्याकडे विद्यार्थ्यांनी ऑनलाइन फॉर्म भरायचं एक ॲप्लिकेशन होतं. नाव घेत नाही. नेहमीचा यशस्वी मामला : जावा, टॉमकॅट, दोन मशिन्स, पुढे लोड बॅलन्सर. मी टीममध्ये आलो तेव्हाच एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. रोज पहाटे तीन वाजता दोन्ही सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतात. का? "मेमरी भरते." का भरते? "जावा आहे ना." क्रॉनच्या फाइलमध्ये त्या ओळीवर कॉमेंट होती : तात्पुरतं, नंतर काढणे. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. आपल्याकडे 'तात्पुरतं' या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रोजच्या ट्रॅफिकला चोवीस तासांत मेमरी निम्मीसुद्धा भरायची नाही. पहाटे रीस्टार्ट, पुन्हा कोरी पाटी. सगळे खूश. मग आला फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. ट्रॅफिक दहापट. जी गळती दोन दिवसांत टाकी रिकामी करायची (किंवा भरायची म्हणा, आमच्याकडे उलटं असतं) ती काही तासांत करायला लागली. दुपारी सर्व्हर हळू झाला. गार्बेज कलेक्टर जिवाच्या आकांतानं झाडू मारतोय आणि हाताला कचरा लागत नाहीये, अशी अवस्था. ऑन-कॉलवर टीममधला सगळ्यात नवा मुलगा. त्यानं वर्षभर बघितलं होतं तेच केलं. रीस्टार्ट. दोन तासांनी पुन्हा. संध्याकाळी सहाला पुन्हा.

सव्वासहाला माझा फोन वाजला. सोलापूरहून मावसबहीण. "दादा, नवी पेठेत नेट कॅफेत बसलेय. तिसऱ्यांदा भरतेय फॉर्म. सहाव्या पानावर गेलं की 'सेशन एक्स्पायर्ड' येलालाय. सगळं परत पहिल्यापासून! कोण बनवतंय बे असल्या साइट?"

मी साइटचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी गप्प.

आमची सेशन्स मेमरीत होती. रीस्टार्ट केलं की अर्धवट भरलेला प्रत्येक फॉर्म उडणार, हे आम्हाला माहीत होतं. पहाटे तीनला फॉर्म कोण भरतंय, म्हणून कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं. तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर अक्कलकोटकडच्या एका गावातला मुलगा बसला होता. त्याचाही फॉर्म दोनदा उडाला. शेवटची एसटी चुकेल म्हणून तो फॉर्म न भरताच उठून गेला. पुढे मुदत दोन दिवस वाढली, बहिणीचं काम झालं. त्या मुलाचं झालं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी फॉर्म भरणारे सगळे आळशी नसतात हो. कुणाचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आदल्या दिवशी मिळालेला असतो, कुणाकडे घरी नेट नसतं. आपली गळती नेमकी त्यांच्या अंगावर सांडते.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न होता, "रीस्टार्ट कुणी केला?" कुणी सोडला कसा इतकी वर्षं, हा प्रश्न दुसरा पण नव्हता, शेवटचा पण नव्हता. तिथे मी बाबांची खडूची रेघ सांगितली आणि चार दिवस मागून घेतले.

त्या चार दिवसांत काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक टीममध्ये हे कधी ना कधी लागतंच.

पहिली गोष्ट, गळती आहे का हेच आधी ठरवायचं. लिनक्सवर 'फ्री' कमांड मारली की मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसते आणि नवीन माणूस घाबरतो. पण लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशला वापरतो आणि लागली की परत देतो. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'चा. जावाच्या हीपचंही तसंच. तिचा आलेख करवतीच्या दातांसारखा असतो. मेमरी चढते, कलेक्टर येतो, धाडकन खाली. लोक शिखरं बघतात. बघायच्या असतात दऱ्या. पूर्ण झाडलोट झाल्यावर उरलेली मेमरी दर वेळी आधीपेक्षा वर असेल तर संशय घ्या. थोडी वर जाऊन एका पातळीला थांबत असेल, तर ती गळती नाही, ॲप्लिकेशनची भूक आहे. आमच्या दऱ्या सरळ चढत होत्या.

दुसरी गोष्ट, कॉक बंद करणे. एका मशिनकडे येणारं ट्रॅफिक लोड बॅलन्सरवरून तोडलं. अर्ध्या तासानं सेशन्स संपतात, म्हणून तासभर थांबलो. मग मुद्दाम पूर्ण गार्बेज कलेक्शन करायला लावलं. मेमरी खाली आली असती तर दोष सेशन्सचा, म्हणजे निव्वळ गर्दीचा. आली नाही. कुणीही वापरत नसताना सर्व्हर पावणेतीन जीबी धरून बसला होता. ही आमची रेघ.

तिसरी गोष्ट, एकेक पाइप. टेस्ट मशिनवर एका वेळी एकच पान हजारो वेळा मारायचं आणि दरी मोजायची. लॉगिन : सपाट. पत्त्याचं पान : सपाट. फोटो अपलोड : सपाट. प्रीव्ह्यू : चार बोटं खाली!

चौथी गोष्ट, मग आत डोकवायचं. 'जेमॅप'नं हीप डंप काढला, एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडला. कोण किती मेमरी धरून बसलंय आणि त्याला कुणी धरून ठेवलंय, ही साखळी तो दाखवतो. (दोन सावधगिरीचे शब्द. डंप काढताना ॲप्लिकेशन थबकतं, म्हणून आधी मशिन बाजूला काढा. आणि डंपमध्ये लोकांची नावं, फोन नंबर, सगळं उघडंनागडं असतं. तो मेलवरून फिरवू नका, काम झालं की पुसा.)

साखळीच्या टोकाला काय निघालं? एक स्टॅटिक मॅप. प्रीव्ह्यू पटकन दिसावा म्हणून कुणीतरी फोटो मॅपमध्ये साठवले होते. मॅपची किल्ली म्हणून एक छोटा क्लास, आणि त्या क्लासला 'इक्वल्स' आणि 'हॅशकोड' लिहायचेच राहिले होते. त्यामुळे तोच विद्यार्थी दहा वेळा प्रीव्ह्यूला गेला तर जावाच्या दृष्टीनं तो दहा वेगळी माणसं. दहा फोटो आत. बाहेर एकही नाही, कारण काढायचा कोडच नव्हता. गंमत म्हणजे साठवलेला फोटो परत कधी सापडतच नव्हता. म्हणजे जो वेग वाढवायला हे केलं, तोही कधी वाढला नव्हता! दुरुस्ती अकरा ओळींची. मॅपला मर्यादा, जुन्या नोंदींना मुदत, किल्लीला ओळख. वॉशर बदलला.

इथे एक शब्दाचा घोळ सांगितला पाहिजे. सी भाषेत लीक म्हणजे मागितलेली मेमरी परत द्यायला विसरणं. जावात नेमकं उलटं. तिथे गळती विसरण्यानं होत नाही, न विसरण्यानं होते. कलेक्टर फक्त कुणालाच नको असलेली वस्तू उचलतो. कुणीतरी एकानं "असू दे, लागेल कधीतरी" म्हटलं की ती वस्तू कचरा नाही. आमच्या आईचा माळा याच तत्त्वावर चालतो. तिथे १९८० सालचे दुधाच्या पावडरचे डबे आहेत. घर गळत नाहीये, पण माळ्यावर जागाही नाहीये.

दुरुस्ती झाली, आलेख सपाट झाला. आणि चौथ्या दिवशी तो ऑन-कॉलवाला मुलगा पडलेल्या चेहऱ्यानं आला. "अजून लीक आहे. हीप चार जीबीची, आणि प्रोसेस पाच जीबीच्या वर दिसतेय."

त्याला मी उजनी सांगितलं. सोलापुरात उन्हाळ्यात दोनच बातम्या असतात, तापमान आणि उजनी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पुण्यातले मित्र विचारायचे, "धरण वजामध्ये कसं जातं बाबा?" हिशोब सोपा आहे. भीमेवरच्या या धरणात पूर्ण भरल्यावर साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, उपयुक्त फक्त साडेत्रेपन्न. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. म्हणून मृतसाठ्यात हात घातला की वजा. वजा पन्नासला सुद्धा धरणात छत्तीस-सदतीस टीएमसी पाणी असतंच. आकडा खोटा नाही. शून्य कुठे धरलंय ते माहीत पाहिजे.

प्रोसेसचंही तसंच. हीपच्या बाहेर थ्रेड्सचे स्टॅक असतात, क्लासेसची माहिती असते, कंपाइल झालेला कोड असतो, आणि मेमरी वाटणारी लायब्ररी मोकळे झालेले तुकडे पुढच्या वेळेसाठी स्वतःकडेच ठेवते. तो मृतसाठा. तो वाढत नसेल तर गळती नाही. आठवडाभर रेघ मारली. पाच जीबीची पाच जीबीच राहिली. मुलाचा जीव भांड्यात पडला.

आता माझं मत. तुम्ही म्हणाल, अकरा ओळींसाठी चार दिवस? रीस्टार्ट तर फुकट आहे. मॅनेजरही हेच म्हणाला होता.

माझा रीस्टार्टला विरोध नाही. अपाची वेब सर्व्हरमध्ये तर सोयच आहे की एका चाइल्ड प्रोसेसनं इतकी कनेक्शन्स हाताळली की तिनं मरायचं आणि नवी जन्माला यायची. चुकून होणाऱ्या मेमरी गळतीला आळा बसावा म्हणून, असं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. विमानंसुद्धा रीस्टार्ट होतात. बोइंग ७८७ चे जनरेटर कंट्रोल युनिट सलग २४८ दिवस चालू राहिले तर बंद पडून वीज जाऊ शकते हे लक्षात आलं, तेव्हा २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या खात्यानं आदेश काढला की त्याआधी वीज बंद करून पुन्हा चालू करा. ती मेमरीची गळती नव्हती, काउंटर ओसंडत होता. पण फरक बघा. तिथे मर्यादा माहीत होती, ती लिहून ठेवली होती, आणि पक्की दुरुस्ती येईपर्यंतचा तो उपाय होता. आमच्या क्रॉनला यातलं काहीच नव्हतं.

आणि कारण माहीत नसलेला रीस्टार्ट कसा अंगावर येतो याचं सगळ्यात वाईट उदाहरण लंडनचं आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडन ॲम्ब्युलन्स सेवेनं नवी कॉम्प्युटर यंत्रणा पूर्णपणे सुरू केली. पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ उडाला, मग अर्धं काम हातानं सुरू झालं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा हळू झाली आणि गोठली. या वेळी रीस्टार्ट करूनही चालू होईना, राखीव सर्व्हरही पुढे आला नाही. कंट्रोल रूम कागद-पेन्सिलीवर परतली. चौकशी अहवाल १९९३ च्या फेब्रुवारीत आला. कारण? सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरनं कोडचा एक तुकडा चुकून तसाच ठेवला होता. प्रत्येक ॲम्ब्युलन्स निघाली की सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकायची आणि सुटायची नाही. थोडीशीच. पण लंडनसारख्या शहरात ॲम्ब्युलन्स किती निघतात!

ॲमेझॉनसारख्यांचंही सुटलेलं नाही. २२ ऑक्टोबर २०१२ ला त्यांच्या व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये मोठा बिघाड झाला. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता, पण त्याचा नवा पत्ता सगळ्या मशिन्सपर्यंत पोचला नाही. काही स्टोरेज सर्व्हर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिले, आणि त्या हाका मारणाऱ्या छोट्या प्रोग्रामात गळती होती. एरवी ती कधी दिसलीच नसती. माझ्या मते लीकचा खरा धोका हाच. ती नेहमीच्या दिवशी गप्प बसते आणि आधीच दुसरं काही बिघडलेल्या दिवशी, गर्दीच्या दिवशी, शेवटच्या तारखेला तोंड वर काढते. रोजचा पहाटेचा रीस्टार्ट तिला बरी करत नाही. तिच्या खाणाखुणा रोज पुसून टाकतो, एवढंच. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी फरशी पुसल्यासारखं आहे हे.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. चार नियम.

एक, रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी डंप. आउट ऑफ मेमरी झाल्यावर आपोआप डंप काढायची सोय जावात आहे, फक्त ती मुळात बंद असते. सोमवारी जाऊन चालू करा. डिस्कवर जागा आहे ना, तेवढं बघा.

दोन, ठरावीक वेळच्या प्रत्येक रीस्टार्टवर नाव, कारण आणि शेवटची तारीख लिहा. तारीख उलटली की कुणीतरी उत्तर द्यायचं.

तीन, माणसानं भरलेली माहिती सर्व्हरच्या मेमरीच्या भरवशावर ठेवू नका. प्रत्येक पानाला ड्राफ्ट डेटाबेसमध्ये जाऊ द्या. मग रीस्टार्ट झाला तरी कुणाची एसटी चुकणार नाही.

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा : रीस्टार्ट करणाऱ्या पोराला दोष देऊ नका. टाकी फुटलीय असं सांगणारा प्लंबर आपल्यातच असतो, बहुतेक वेळा सीनियर असतो. त्या मुलाला तीन रात्री द्या आणि एक खडू द्या.

असो. आमच्या क्रॉनमधली ती ओळ त्याच मुलानं स्वतःच्या हातानं काढली. त्यानंतर पुढच्या शेवटच्या तारखेला आम्ही सगळे रात्री बारापर्यंत ऑफिसात थांबलो. काहीच झालं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा सत्कार नसतो. बहिणीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "बरं. पण त्या अक्कलकोटच्या पोराला कोण सांगणार बे?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

बाबा गच्चीवरून हाक मारतायत. पाणी आलंय, मोटर लावायची आहे. टाकीत आत बघितलं तर खडूची ती जुनी रेघ कधीच धुऊन गेलीय. पण खडू तिथेच आहे, कोनाड्यात.